हातात बसणारा फोन

माझ्या धाकट्या भावाला सगळे कॅप्टन म्हणतात. मीही म्हणते. पण हल्ली कुणी हाक मारली की तो आधी खाली बघतो आणि मग ओ देतो. असं का झालं ते सांगते. त्याची बाजू घ्यायची म्हणून नाही, आणि त्याला झोडपायचं म्हणूनही नाही. झोडपून झालंय माझं.

कॅप्टन मोबाइलच्या दुकानात विक्रेता आहे. त्याच रांगेत, चार दुकानं सोडून, माझं कपडे लहानमोठे करून द्यायचं दुकान. तो दिवसभर फोन मापतो, मी कंबर मापते. जेवायला एकत्र बसतो तेव्हा दोघांचीही एकच तक्रार असते, की लोकांना स्वतःचं माप माहीत नसतं. माझ्याकडे बाई आत्याची पँट घेऊन येते आणि म्हणते, मला बसेल अशी करा. त्याच्याकडे बोटभर हाताचा माणूस येतो आणि सगळ्यात मोठा फोन मागतो.

मग कॅप्टन सुरू. "हात पुढे करा बघू. आता अंगठा इथून तिथे न्या. पोचला? नाही ना? मग बायकोचा फोन उचलायला दुसरा हात आणणार कुठून?" गिऱ्हाईक हसायचं आणि बहुतेक वेळा त्याने सांगितलेलाच फोन घ्यायचं. मालक म्हणायचे, हा माणूस जिभेवर जगतो.

त्याच्या काउंटरखाली एक कप्पा होता, जुन्या डमींचा. डमी म्हणजे पोकळ फोन. बाहेरून हुबेहूब, आत काही नाही. पडद्याच्या जागी छापलेला कागद, आणि त्या कागदावर कायमचे सव्वादहा वाजलेले. लोकांनी हाताळून बघावेत म्हणून कंपन्या दुकानाला देतात, आणि ते मॉडेल बंद झालं की डमी कचऱ्यात जातो. कॅप्टनने वर्षानुवर्षं एकही कचऱ्यात जाऊ दिला नव्हता. भिंतीत खिळा ठोकता येईल असा ठोकळा होता. सरकवला की बटणं बाहेर येणारा होता. एक काडेपेटीएवढा होता, तो कानाला लावला तर तोंडापर्यंत पोचायचाच नाही. दुकानात गर्दी नसली की सगळे उंचीप्रमाणे मांडायचा आणि भाषण द्यायचा. "बघ ताई, साबणाच्या वडीपासून सुरुवात केली, काडेपेटीपर्यंत आणला, आणि मग अक्कल गहाण टाकून परत ताटाएवढा केला. आता सगळ्या फरश्याच फरश्या. अंधारात हात घातला तर कुठला कुणाचा, सांगता येईल का?"

त्याचा जीव मात्र एकाच आकारावर होता. घडीचा फोन, अंगठ्याने झाकण उडवून उघडायचा.

त्याचं मूळ आमच्या लहानपणात आहे. रविवारी टीव्हीवर अवकाशयानाची एक मालिका लागायची. नाव आता त्यालाही नीट आठवत नाही, पण त्यातला कप्तान कमरेची डबी काढायचा, टच्चकन झाकण उघडायचा आणि थेट दुसऱ्या ग्रहावर बोलायचा. आमच्या गल्लीत तेव्हा एकच फोन होता, औषधवाल्याकडे, आणि तोही कुलूप लावलेला. आम्ही मोठे होईपर्यंत लोक चंद्रावर बंगले बांधणार होते, गाड्या उडणार होत्या, जेवणाऐवजी गोळी मिळणार होती. माझ्या भावाचा या सगळ्यावर इतका विश्वास होता की तो भूगोलाचा अभ्यासच करायचा नाही. इथे राहायचंय कुणाला, म्हणायचा.

आमचे बाबा सुतार. कारखान्यात लाकडी साचे बनवायचे. पोराचं वेड बघून त्यांनी त्याला तशी डबी करून दिली. उरलेल्या सागाच्या तुकड्यातून दोन पाती, मध्ये जुन्या चष्म्याच्या घराची बिजागरी. पहिली केली ती याच्या हाताला मोठी झाली. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, हात वाढेल की. बाबांनी त्याचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारली आणि डबी पुन्हा रंधली. "यंत्र हाताला बसलं पाहिजे," म्हणाले, "हात यंत्राला नाही." कॅप्टन हे वाक्य पुढे दुकानात गिऱ्हाइकांना ऐकवायचा, स्वतःचं असल्यासारखं.

मग खेळ सुरू झाला. हा माळ्यावर चढून डबी उघडायचा. "तळ, तळ, कॅप्टन बोलतोय." खालून बाबा, दाढीला साबण लावलेला असो की तोंडात घास असो, उत्तर द्यायचेच. "तळ ऐकतोय. बोला, कॅप्टन." नियमच होता, हाक आली की उत्तर द्यायचं. एकदा बाबा कामात होते आणि उत्तर जरा उशिरा आलं, तर हा रडकुंडीला आला. बाबा म्हणाले, "अरे, तू किती लांब गेलायस! आवाज यायला वेळ लागतो. धीर धरून बसायचं." याला ते शास्त्रीय वाटलं आणि तो खूश झाला. आई म्हणायची, बाप आणि लेक दोघेही कामातून गेले.

आता आई नाही. बाबा कॅप्टनकडे राहतात, आणि गेली काही वर्षं त्यांची आठवण विरत चाललीय, जुन्या कपड्यासारखी, एकदम फाटत नाही पण उजेडाला धरलं की आरपार दिसतं. माझं नाव सापडत नाही तेव्हा मला "बाई" म्हणतात, आणि मान देऊन म्हणतात, म्हणून मी हसून घेते. घरी येऊन हसत नाही.

त्यांच्याकडे एक घडीचा फोन होता, कॅप्टननेच दिलेला. त्यावरून ते दुकानात फोन करायला लागले. सकाळी करायचे, केलेला विसरायचे, पुन्हा करायचे. कॅप्टनपुढे सतत गिऱ्हाईक, म्हणून तो स्पीकर लावून काउंटरवर ठेवायचा, आणि भर दुकानात आवाज यायचा, "कॅप्टन, कॅप्टन, तळ बोलतोय!" पहिल्यांदा सगळे हसले. नंतर दुकानातली पोरं आपसात तसंच बोलायला लागली. "तळ, तळ, चार्जर संपले." एका सुटाबुटातल्या गिऱ्हाइकाने विचारलं, कोण आहे हे? आणि माझा भाऊ, जिभेवर जगणारा माणूस, म्हणाला, "राँग नंबर."

हे त्याने मला नंतर सांगितलं, रस्त्यात. त्या क्षणी मात्र त्याला बापाची लाज वाटली होती. त्याने घरी जाऊन तो फोन काढून घेतला.

झालं! बाबांनी घर डोक्यावर घेतलं. गाद्या उलटल्या, पिठाच्या डब्यात हात घातले. "माझं यंत्र कुठाय?" एवढं एकच. जेवेनात, झोपेनात. माझी भावजय काकुळतीला आली. पण आमच्या हुशार भावाला युक्ती सुचली. त्या कप्प्यात हुबेहूब त्याच मॉडेलचा डमी होता, तोच रंग, तीच झाकणाची घडी. एकच अडचण होती, पोकळ म्हणून हाताला हलका लागायचा. आणि बाबांचा हात! नाव विसरेल, गाव विसरेल, वजन विसरणार नाही. तेव्हा याने डमी उघडला, आत लोखंडी वायसर, नटाखालच्या चकत्या, चिकटवले, एका हातात खरा आणि एका हातात खोटा घेऊन डोळे मिटून तोलला, आणि दोन्ही सारखे लागेपर्यंत वायसर कमीजास्त करत बसला. बापाने ज्या निगुतीने त्याच्यासाठी डबी रंधली होती, अगदी त्याच निगुतीने.

बाबांनी फोन हातात घेतला, झाकण उघडलं, मिटलं आणि शांत झाले. खिशात घालून जेवायला बसले. भावजय म्हणाली, सुटलो बाई. दुकानात "तळ बोलतोय" बंद झालं. मला कुणी काही सांगितलं नाही. मी विचारलं, बाबांचे फोन हल्ली येत नाहीत का रे, तर म्हणाला, "सवय मोडली त्यांची." बापाला शेंडी लावली ती लावली, वर बहिणीलाही!

पुढे एके दुपारी भावजय गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि खाली आली तर दार सताड उघडं. चपला नाहीत, बाबा नाहीत. तिने आम्हाला फोन केला. मी शिलाईत सुई तशीच ठेवून उठले. कॅप्टन आणि मी स्कूटरवर बसून निघालो. दवाखाना, बाग, बंद पडलेला जुना कारखाना, बाबा जातील असं वाटलं तिथे तिथे गेलो. मी मागे बसून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अरे, त्यांच्या फोनवर लाव ना! फोन आहे ना त्यांच्याजवळ?"

तो स्कूटर चालवत राहिला. मी पाठीत गुद्दा घातला. "कॅप्टन, बहिरा झालास का? फोन लाव!"

"नाही लागणार, ताई," म्हणाला.

"का नाही लागणार?"

तेवढ्यात त्याच्याच खिशातला फोन वाजला. दुकानाचे मालक होते. त्याने स्कूटर कडेला घेतली आणि स्पीकर लावला. "कॅप्टन," मालक म्हणाले, "बस डेपोच्या तिकीट खिडकीवरून एक बाई बोलत होती. म्हणते, एका आजोबांकडे खोटा फोन सापडलाय, मागे आपल्या दुकानाचा स्टिकर आणि नंबर आहे. आपला डमी डेपोत काय करतोय रे?" मग त्यांच्या लक्षात आलं असावं. आवाज खाली आणून म्हणाले, "जा. आधी जा तिकडे."

मला कळायला वेळ लागला नाही. मी दुकानदारीण आहे, खोटं कापड हाताला कळतं मला. डेपोपर्यंतच्या रस्त्यात त्याने सगळं सांगितलं, डमी, वायसर, राँग नंबर, सगळं. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेजारून जाणारा रिक्षावाला वळून बघत होता.

बाबा डेपोच्या शेवटच्या बाकावर बसले होते. ताठ, सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं, पाहुण्याकडे बसल्यासारखे. पँट ओली झाली होती. कुणीतरी मांडीवर वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. शेजारी डेपोची झाडूवाली बसली होती, तिनेच ते केलं होतं. फोन तिच्या हातात होता.

"तुमचे वडील का?" तिने मला विचारलं. मग कॅप्टनकडे बघून तिचा आवाज चढला नाही, तीच तर पंचाईत झाली. नुसतं सांगत राहिली. "दुपारपासून बघतेय मी यांना. एकटेच बसलेत, वाट चुकलेत की काय, म्हणून दोनदा विचारायला जवळ आले. पण प्रत्येक वेळी फोनवर बोलत होते हो. छान हसून बोलत होते. म्हटलं, घरच्यांशी बोलताहेत, घ्यायला येत असतील कुणीतरी. उगाच मध्ये कशाला पडा? तिकिटाच्या खिडकीतली बाईपण तेच म्हणाली. फोन नसता हातात तर तेव्हाच चौकशी केली असती आम्ही." तिने फोनची घडी उघडून आतला छापलेला कागद आम्हाला दाखवला. "माझ्या फोनचं चार्जिंग संपलं म्हणून मी म्हटलं, आजोबा, एक मिनिट द्या, घरी सांगते उशीर होईल म्हणून. त्यांनी लगेच दिला. उघडला तर हे."

त्या कागदावर सव्वादहाच वाजलेले होते. बाहेर ऊन उतरायला आलं होतं.

माझा भाऊ तिथे मेल्याहून मेल्यासारखा उभा होता. हात पुढे करून त्याने फोन घेतला, पण कुठे ठेवावा ते त्याला कळेना. खिशात घातला, परत काढला. शेवटी बाबांच्या पायाशी, त्या घाणेरड्या फरशीवर, गुडघे टेकून बसला.

"बाबा," म्हणाला.

बाबांनी त्याला ओळखलं. माझं नाव सापडत नाही त्यांना, पण याला ओळखलं. चेहरा उजळला. "आलास? किती हाका मारल्या तुला!"

"ऐकू आल्या नाहीत, बाबा."

"नाहीच येणार," बाबा म्हणाले, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मी ओळखलं ते. म्हटलं, पोरगा लांब गेलाय. आवाज यायला वेळ लागतो. धीर धरून बसायचं."

मी तोंड फिरवलं. झाडूवालीने पदर डोळ्याला लावला, तिला काय कळलं कोण जाणे. कॅप्टन मात्र रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. त्याने बापाच्या ओल्या पायातल्या चपला सरळ केल्या, त्यांना उचलून उभं केलं आणि रिक्षात बसवलं. त्या बाईला पैसे द्यायला गेला तर ती म्हणाली, "राहू द्या. त्यांना खरा घेऊन द्या एखादा." धरणी दुभंगली असती तर तो आनंदाने आत गेला असता.

त्यानंतर तो दुकानात मागच्या खोलीत बसायला लागला. खोकी उघड, माल लाव, असली कामं. मालकांनी चकार शब्द काढला नाही, आणि पोरांनी "तळ, तळ" बंद केलं. ते बंद झालेलं त्याला जास्त लागलं. डमींचा कप्पा त्याने स्वतः रिकामा केला. ठोकळा, सरकता, काडेपेटी, सगळे पोत्यात भरून टाकून आला. मी म्हटलं, "अरे, त्या बिचाऱ्यांनी काय केलं होतं?" तर म्हणाला, "ताई, मी लोकांना फोनचा आकार शिकवतो, आणि बापाच्या हातात रिकामी डबी ठेवली." माझ्याजवळ दिलासा होता, पण द्यावासा वाटला नाही. अजून राग गेला नव्हता.

बाबांना त्याने खरा फोन आणला, घडीचाच, सिम घातलेला. मी त्यांच्या प्रत्येक सदऱ्याला आतून खिसा शिवला, झाकणाला बटण, आणि खिशावर धाग्याने आमचे नंबर काढले. पण बाबा फोन लावेनात. दिवस गेले, झाकण उघडायचे, बघायचे, मिटायचे. बोलायचेही नाहीत. कॅप्टन रोज घरी गेल्यावर विचारायचा, "बाबा, हाक नाही मारली आज?" ते त्याच्याकडे कोण हा माणूस असं बघायचे. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. वाटलं, पोराने उत्तर द्यायचं ठरवलं तेव्हा बापाची हाकच संपली.

परवा मी बाबांच्या नव्या सदऱ्याचं माप विचारायला त्याच्या दुकानात गेले होते. शनिवार, तोबा गर्दी. माणसं कमी म्हणून मालकांनी त्याला बळेच काउंटरवर उभं केलं होतं. समोर एक तरुण जोडपं दोन फोन घेऊन उभं होतं, हा मोठा का तो मोठा, हा जाड का तो. कॅप्टन खाली बघत दोन शब्दांत उत्तरं देत होता. एवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर "बाबा". त्याने घाईघाईने उचलला आणि कुठलं तरी बटण दाबलं जाऊन फोन स्पीकरवर सुरू झाला.

"कॅप्टन, कॅप्टन, तळ बोलतोय."

पोरांनी माना खाली घातल्या. तरुण जोडपं हसायच्या बेतात होतं. माझ्या भावाने एकदा सगळीकडे बघितलं. कान लाल झाले होते त्याचे. मग फोन तोंडाजवळ नेला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "कॅप्टन ऐकतोय. बोला, तळ."

मग बाबा म्हणाले, "काही नाही रे. आवाज पोचतो का बघत होतो."

"पोचतोय, बाबा."

"हो," बाबा म्हणाले, आणि त्यांना नवल वाटलेलं मला ऐकू आलं. "आज लवकर आला."

फोन बंद झाला. कॅप्टन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि ते तरुण जोडपं दोन्ही फोन हातात धरून वाट बघत राहिलं. शेवटी मुलाने हळूच विचारलं, "काका, यातला कुठला चांगला?"

"कुठलाही घ्या," माझा भाऊ पाठमोराच म्हणाला. "घरून आला की उचला म्हणजे झालं."